‘फायनल समजा’ म्हणाले आणि पाच आठवडे गप्प

जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइपच्या कारखान्यात दोन वर्षांपासून क्वालिटीचं काम करणाऱ्या, चोपडा तालुक्यातल्या एका मुलाचा हा प्रश्न आहे. वय २४, मेकॅनिकलचा डिप्लोमा. चाकणच्या एका कंपनीतून मुलाखतीला फोन आला म्हणून तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाला, पहाटे शिक्रापूरला उतरून चाकणला पोचला, एका हॉटेलात तोंड धुऊन शर्ट बदलला आणि सांगितल्या वेळेला, अकराला, गेटवर हजर झाला. आत बोलावलं साडेतीनला. मुलाखत चालली बारा मिनिटं. निघताना एचआरच्या मॅडम म्हणाल्या, ‘तुमचं फायनलच समजा, सोमवारपर्यंत मेल येईल.’ तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपाही मागून घेतल्या. त्याला आता पाच आठवडे झाले. मेल नाही, फोन कुणी उचलत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही. त्याने राजीनामा लिहूनही ठेवला होता, वडिलांनी तो देऊ दिला नाही. पण त्याच वडिलांनी सोयरिकीच्या बोलण्यात ‘पोरगा पुण्याला लागला’ असं सांगून टाकलं आहे. तो विचारतो की माझं काय चुकलं, यांच्यावर कायद्याने काही करता येतं का, आणि अजून किती दिवस वाट पाहू?

मी २६ वर्षं एचआरचं, म्हणजे कारखान्यांत माणसं घ्यायचं काम केलं. आधी जळगावात चटई आणि पाइपच्या कारखान्यांत, मग सहा वर्षं चाकणला, आता परत जळगावात. मुलाखतीनंतर ‘कळवतो’ म्हणणारा माणूस मीच होतो, त्यामुळे तो शब्द तोंडातून कसा निघतो आणि पुढे त्याचं काय होतं हे मला आतून माहीत आहे.

भाऊ, सगळ्यात आधी राजीनाम्याचं. वडिलांनी तुम्हाला थांबवलं ते फार चांगलं केलं. हातात सही-शिक्क्याचं पत्र किंवा कंपनीच्या अधिकृत मेलवरून आलेली ऑफर, त्यात पद, पगार आणि रुजू व्हायची तारीख, एवढं आल्याशिवाय चालू नोकरीला हात लावायचा नाही. ‘फायनल समजा’ या दोन शब्दांवर नोकरी सोडून घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत, पारोळ्याची, धरणगावची, शहाद्याची. पुढे सहा-सहा महिने त्यांना काम मिळालं नाही, आणि नव्या मुलाखतीत ‘आधीची का सोडली?’ याचं उत्तर देता आलं नाही. तुमची नोकरी शाबूत आहे. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

आता तुमचं काय चुकलं ते. तुम्ही जे सांगितलं त्यावरून मला तरी काही चुकलेलं दिसत नाही. नापास उमेदवाराकडून कुणी पगाराच्या स्लिपा घेत नाही, त्या मागतात म्हणजे पगाराचा हिशेब मांडायला घेतलेला असतो. बाई त्या क्षणी बहुतेक खरंच बोलत होत्या. त्यानंतर आत काहीतरी अडलं.

काय अडतं ते सांगतो, कारण उमेदवाराला हे कधीच दिसत नाही आणि मग तो रात्र रात्र स्वतःच्याच उत्तरांची उलटतपासणी करत बसतो. कंपनीत जागा भरायची तर खातेप्रमुख मागणीपत्र भरतो, त्यावर प्लांट हेडची आणि फायनान्सची सही लागते. कामाची घाई असते, म्हणून सही येण्याआधीच एचआर मुलाखती सुरू करतो. मग एखादी मोठी ऑर्डर पुढे ढकलली जाते, नाहीतर वर्षअखेरीला बजेट गोठवतात, आणि सही होत नाही. जागा रद्द झाली असं कुणी लिहून देत नाही, ती नुसती लोंबकळत राहते. एचआरला वाटतं पुढच्या आठवड्यात होईल. असे चार ‘पुढचे आठवडे’ गेले की उमेदवाराला तोंड दाखवायची लाज वाटायला लागते आणि फोन उचलणं बंद होतं.

दुसरं कारण मला तुमच्या बाबतीत जास्त संभवतं. एका जागेसाठी पाच-सहा जण येतात. त्यातल्या पहिल्याला ऑफर जाते. त्याचा नोटीस पीरियड ३० दिवसांचा, कुठे ६० दिवसांचा. तेवढ्यात त्याची जुनी कंपनी पगार वाढवून त्याला धरून ठेवते, किंवा तो तिसरीकडेच जातो. हे इतक्या वेळा घडतं की एचआर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ‘नाही’ म्हणायचं मुद्दाम टाळतो. पहिला खरोखर येऊन कामाला लागेपर्यंत तुम्हाला राखून ठेवायचं असतं. तसं तोंडावर सांगवत नाही, म्हणून काहीच सांगायचं नाही. मी चाकणला असताना आमच्याकडे ही जवळजवळ रीतच होती. तेव्हा मला ती व्यवहाराची वाटायची. आज मला ती चुकीची वाटते, आणि मी ती का बदलली तेही सांगतो.

चाकणहून परत आल्यावरची, जळगावातली गोष्ट. लॅबमध्ये एक जागा होती. रावेर तालुक्यातली एक मुलगी आली होती, केमिस्ट्रीची पदवीधर, उत्तरं नेमकी, अक्षर मोत्यासारखं. मी तिला ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणालो. आतून दुसऱ्याच कुणाची नेमणूक झाली. तिला फोन करायचा रोज मनात यायचं, पण ‘का नाही घेतलं?’ असं तिने विचारलं तर काय सांगू, हे ठरत नव्हतं, म्हणून मी तो टाळत राहिलो. महिन्याभराने गेटवरून निरोप आला की कुणीतरी भेटायला आलं आहे. बाहेर गेलो तर तिचे वडील. केळीच्या बागेतून थेट आलेले, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळपट डाग. आवाज चढवला नाही, ओळख सांगितली नाही, कुणाची चिठ्ठी आणली नव्हती. एवढंच म्हणाले, ‘साहेब, नाही असेल तर नाही सांगा. पोरगी रोज फोन उशाशी घेऊन झोपते.’ मी त्यांना नाही सांगितलं. त्यांनी हात जोडले, ‘बरं झालं, आता दुसरीकडे पाहू’ म्हणाले आणि निघून गेले. मी तिथेच उभा राहिलो. जे मला महिनाभर जमलं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं होतं आणि त्या माणसाला तेवढंच हवं होतं.

त्या दिवसापासून मी मुलाखतीचं रजिस्टर वेगळं केलं. नाव, गाव, पद, मुलाखतीची तारीख आणि शेवटचा रकाना ‘कळवल्याची तारीख’. हा रकाना रिकामा असेल तर त्या महिन्याचं माझं काम अपुरं. नोकरी न मिळालेल्यांना मी स्वतः फोन करायचो: ‘यावेळी तुमची निवड झाली नाही, आमच्याकडून वाट पाहू नका.’ का, असं विचारलं तर खरं सांगायचो, की दुसऱ्याला अनुभव जास्त होता, किंवा जागाच रद्द झाली. इतक्या वर्षांत एकानेही मला शिव्या दिल्या नाहीत. उलट त्यातले काही पुढे दुसऱ्या जागेवर आमच्याकडेच लागले. आपल्या भागातले जे कारखानदार आणि एचआरवाले हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे, हा एक रकाना रजिस्टरला जोडा. ज्या मुलाला तुम्ही तळोद्याहून किंवा मुक्ताईनगरहून बोलावलंत, त्याने त्या दिवसाचा खाडा केलेला असतो, घरच्यांनी गाडीभाड्याचे पैसे काढून दिलेले असतात. त्याला एक वाक्याचं उत्तर देणं हे तुमचं कामच आहे.

कायद्याचं विचारलंत. खासगी कंपनीने मुलाखतीनंतर उत्तर दिलंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एका बाजूने ठोस प्रस्ताव आणि दुसऱ्या बाजूने त्याचा स्वीकार, असं झाल्यावर करार उभा राहतो. ‘फायनल समजा’ यात पद नाही, पगार नाही, तारीख नाही, तेव्हा त्यावर दावा लावण्यात अर्थ नाही. लेखी ऑफर आली, तुम्ही ती लेखी स्वीकारली, त्या भरवशावर नोकरी सोडली आणि मग कंपनीने हात वर केले, तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा नुकसानभरपाईचा विचार होऊ शकतो आणि वकील गाठावा. सरकारी किंवा निमसरकारी भरती असती तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून आपले गुण आणि निवडीची स्थिती मागता आली असती, तिथे साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खासगी कंपनीला असा अर्ज चालत नाही.

कागदपत्रांचं एक सांगून ठेवतो. स्लिपा दिल्यात ते ठीक आहे, तशी पद्धत आहे. पण मूळ मार्कशीट, मूळ डिप्लोमा कुणाकडेही ठेवायचा नाही, दाखवायचा आणि परत घ्यायचा. ऑफर येण्याआधी बँकेचा तपशील द्यायचा नाही, स्वखर्चाने मेडिकल करायची नाही. आणि ‘रजिस्ट्रेशन’, ‘युनिफॉर्म’, ‘डिपॉझिट’ अशा कोणत्याही नावाखाली कुणी पैसे मागितले तर तिथेच उठायचं, मग ते ऑफिस कितीही चकचकीत असो.

आता पाठपुरावा. तुम्ही एका दिवसात सात फोन केले असं लिहिलं आहे. तुमची घालमेल मला समजते, पण ते थांबवा. त्या बाईंच्या मोबाइलवर तुमचं नाव सात वेळा दिसलं की त्यांना आठव्यांदा उचलायची भीतीच वाटते. एचआरचा महिना कसा जातो ते ओळखून फोन करावा. एक ते सात तारीख पगाराची, तेव्हा हजेरी, ओव्हरटाइम, कपाती यांत माणूस बुडालेला असतो. पंधरा तारखेपर्यंत पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार विमा) यांचा भरणा. म्हणून सोळा ते पंचवीस या दिवसांत, दुपारी तीननंतर बोलायला सवड असते. सकाळी शिफ्ट, गेट आणि गैरहजेरीचा गोंधळ असतो. आणि चाकण-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही, हे आपल्याकडच्या मुलांना माहीत नसतं. गुरुवारी केलेला फोन उचलला गेला नाही म्हणून मन खट्टू करून घेतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे निळ्या खुणा बघत बसण्यापेक्षा मेल करा. मेल कंपनीच्या नोंदीत राहतो आणि त्या बाई नोकरी सोडून गेल्या असतील तर दुसरा कुणीतरी तो उघडतो. (एचआरमध्येही माणसं बदलतात, तुमची फाइल कुणाच्या तरी बंद लॅपटॉपमध्ये पडलेली असणं अगदी शक्य आहे.) मेल इंग्रजीत लिहा, कारण त्यांचा व्यवहार त्यात चालतो, पण मजकूर एवढाच ठेवा: ‘अमुक तारखेला क्वालिटी इंजिनिअर पदासाठी माझी मुलाखत झाली. सोमवारपर्यंत कळेल असं मला सांगण्यात आलं होतं. निर्णय झाला असेल तर कृपया कळवा, नकार असला तरी चालेल. अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास मी ही प्रक्रिया माझ्या बाजूने संपली असं धरीन. पुढे जागा निघाल्यास मला जरूर विचारा.’ ‘नकार असला तरी चालेल’ हे शब्द गाळू नका. ते वाचल्यावर समोरच्याच्या मनातली अर्धी भीती जाते, कारण तुम्ही भांडणार नाही हे त्याला कळतं. तारीख आठ दिवसांनंतरची द्या. मधे एकदाच फोन. तारीख उलटली की तो नंबर शोधायचा नाही, वाट पाहणं तिथे संपलं. मग कधी त्यांचा फोन आलाच तर नवीन स्थळ आलं असं समजून बोला, पगाराची बोलणीही नव्याने करा.

राग आहे म्हणून गटागटांत त्या बाईंचं नाव घालून लिहू नका. तुमच्या गावातला दुसरा कुणी तिथेच मुलाखतीला निघाला असेल तर त्याला घडलं तसं सांगा, साडेचार तास बसवलं, पाच आठवडे उत्तर नाही. ते त्याच्या उपयोगाचं आहे.

यापुढे मुलाखतीला निघण्याआधी काही गोष्टी विचारून घेत जा. आपल्याकडची मुलं यात फार संकोच करतात, फोन आला हेच उपकार मानतात. जळगावहून पुणं सुमारे चारशे किलोमीटर आहे. पहिली फेरी व्हिडिओवर घेता येईल का, असं नम्रपणे विचारलं तर कुणी रागावत नाही. मी चाकणला असताना लांबच्या उमेदवाराने असं विचारलं की मला तो व्यवहार कळणारा वाटायचा. मुलाखतीचा निरोप मेलवर मागा, त्यात पद आणि पगाराचा अंदाज येऊ द्या. पुन्हा दुसऱ्यांदा बोलावलं तर येण्याजाण्याचं भाडं मिळेल का हेही विचारावं, काही कंपन्या देतात आणि न विचारणाऱ्याला देत नाहीत. शिवाय तिकडे जायचंच आहे तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आणखी एक-दोन ठिकाणी भेट ठरवून जा, गावचं कुणी ना कुणी पिंपरी-चिंचवडला खोली करून राहत असतंच. आणि मुलाखत संपल्यावर खुर्चीतून उठण्याआधी तीन गोष्टी विचारा: निर्णय कधीपर्यंत होईल, कळवणार कोण, आणि तोपर्यंत कळलं नाही तर मी कोणत्या मेलवर विचारू? उत्तर त्यांच्यासमोरच वहीत लिहून घ्या. लिहिताना पाहिलं की माणूस ‘सोमवार’ म्हणायच्या आधी थोडा विचार करतो.

जळगाव-धुळ्याच्या कारखान्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुम्ही इथेही प्रयत्न करत असाल. दाळ मिल, चटई, छोट्या पाइप कंपन्या, अवधान नाहीतर नरडाण्याची एमआयडीसी, इथे पुष्कळ ठिकाणी एचआर नावाचा विभागच नसतो. शेठ ठरवतात, फोन अकाउंटंट करतो. शेठ लग्नसराईत किंवा खरेदीला बाहेरगावी गेले की विषय पंधरा दिवस तसाच राहतो. इथे मेलचा उपयोग होत नाही, आठवड्याने स्वतः जाऊन पाच मिनिटं भेटावं. चाकणच्या गेटवर तुम्हाला सिक्युरिटी आत सोडणार नाही, इथे बहुतेक वेळा चहा पाजून बोलतील. ओळखीचंही तसंच. आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, ‘आमचा मामा शेठजींना ओळखतो.’ ओळखीचा उपयोग फक्त ‘निर्णय झाला का?’ एवढं विचारण्यापुरता करा. ‘घ्याच याला’ असा दबाव आला की घेणारा घेतो, पण खालचा सुपरवायझर त्या मुलाला वर्षभर सुखाने काम करू देत नाही. मी हे अनेकदा मिटवत बसलो आहे.

आणि जिथे कुठे लागाल तिथे नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ हे उत्तर आता चालणार नाही.

राहिलं घरचं, आणि मला वाटतं तुम्हाला जास्त तेच लागलं आहे. रोज संध्याकाळी ओट्यावर कुणी ना कुणी विचारत असणार, ‘फोन उना का रे भाऊ?’ त्यात त्यांची माया असते, पण पाच आठवडे रोज ‘नाही’ म्हणताना पोरगा आतून खचतो. वडिलांचा राग धरू नका. त्यांनी खोटं सांगितलं नाही, तुम्ही घरी येऊन ‘फायनल झालं’ म्हणालात आणि त्यांनी ते आनंदाने पुढे सांगितलं. पण मुलीकडच्यांना खरं काय ते आत्ताच कळलं पाहिजे, साखरपुड्यानंतर नाही. वडिलांना सोबत घेऊन जा आणि सांगा: ‘पुण्याचं अजून लेखी आलेलं नाही. मी जळगावात दोन वर्षांपासून सलग कामाला आहे, पगार अमुक आहे.’ सोबत तुमची पगाराची स्लिप न्या. दोन वर्षं एका ठिकाणी टिकलेला मुलगा, हे मुलीचे वडील नीट ऐकून घेतात. मी स्वतः दोन मुलींचा बाप आहे.

मेल शुक्रवारी दुपारी तीननंतर पाठवा. पाठवण्याआधी तारीख आणि पदाचं नाव मुलाखतीच्या निरोपाशी ताडून पाहा, आणि शनिवारी जळगावातल्या आणखी दोन कारखान्यांत बायोडेटा देऊन या.